टोमॅटोसाठी तळटाकीची कुंडी : एक सविस्तर परीक्षण

कुंडीत लावलेल्या टोमॅटोचे जे नुकसान होते, त्यातले बरेचसे अनियमित पाण्यामुळे होते. आज माती कोरडीठक्क आणि उद्या चिखल, असे चक्र चालू राहिले की झाड वरवर हिरवेगार दिसत असूनही फळांना काळे डाग पडतात, फळे तडकतात आणि फुले गळतात. म्हणूनच तळाशी पाण्याचा साठा असलेली आणि तो साठा कुंडीत मातीऐवजी भरलेल्या मिश्रणातून हळूहळू वर चढवणारी कुंडी खास टोमॅटोसाठी वापरून पाहावी असे मला वाटले. मी ज्या कुंडीविषयी लिहीत आहे ती आयताकृती, जाड प्लास्टिकची आणि घरगुती वापरासाठी विकली जाणारी आहे. निर्मात्याचे नाव येथे देत नाही, कारण याच रचनेच्या कुंड्या अनेक जण बनवतात आणि पुढचे बहुतेक मुद्दे त्या सर्वांना लागू पडतात. माझे मत सुरुवातीलाच सांगतो : टोमॅटोसाठी ही कुंडी घेण्याजोगी आहे, परंतु तिचे यश कुंडीपेक्षा तिच्यात भरलेल्या मिश्रणावर अधिक अवलंबून आहे, आणि नेमकी हीच गोष्ट सोबतच्या माहितीपत्रकात दोन ओळींत उरकलेली आहे.

कुंडीच्या आत तळापासून काही अंतरावर एक छिद्रांची पडदी बसते. पडदीच्या वर मिश्रण असते आणि खाली पाणी. पडदीच्या दोन कोपऱ्यांत खोलगट कप्पे आहेत. त्यांत दाबून भरलेले मिश्रण थेट पाण्यात उतरते आणि दिव्याच्या वातीतून तेल वर चढावे तसे त्या कप्प्यांतून पाणी चढून सगळ्या मिश्रणात पसरते. टाकी भरण्यासाठी एका कोपऱ्यात उभी नळी आहे. टाकी भरली की जादा पाणी बाजूच्या छिद्रातून बाहेर पडते, आणि हे छिद्र पडदीच्या किंचित खाली असल्यामुळे टाकी पूर्ण भरली तरी पाणी व पडदी यांच्यात बोटभर हवेची पोकळी राहते. या पोकळीचा विचार निर्मात्याने नीट केला आहे. टोमॅटोच्या मुळांना पाण्याइतकीच प्राणवायूची गरज असते. पडदी पाण्याला टेकलेली असती तर मिश्रणाचा खालचा थर सतत तुडुंब भिजलेला राहून मुळे गुदमरली असती. मिश्रणासाठी सुमारे ३५ लिटर आणि पाण्यासाठी सुमारे १० लिटर अशी एकूण जागा आहे. सोबत वरून ताणून बसवायचे प्लास्टिकचे आच्छादन, पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट आणि आधारासाठी जोडायचा तारेचा पिंजरा मिळतो.

या कुंडीचा मुख्य लाभ कोणता हे समजण्यासाठी टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी पडणाऱ्या काळ्या डागाकडे पाहावे लागेल. देठाच्या विरुद्ध टोकाला आधी पाणचट ठिपका दिसतो, मग तो तपकिरी-काळा, चपटा आणि चामड्यासारखा कडक होतो. पाहणाऱ्याला तो रोग वाटतो आणि अनेक जण लगेच बुरशीनाशक फवारतात. प्रत्यक्षात हा संसर्ग नाही. फळाच्या त्या टोकाला पेशी घडत असताना कॅल्शियम पुरेसे न पोहोचल्याने तेथील ऊती कोसळतात. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच वर जाते आणि ज्या भागातून बाष्पीभवन जास्त होते तिकडे ओढले जाते. पानांतून भरपूर पाणी उडते, फळाच्या गुळगुळीत सालीतून फारच थोडे. त्यामुळे पाण्याची ओढाताण सुरू झाली की पाने आपला वाटा मिळवतात आणि फळाचे टोक उपाशी राहते. एकदा पानात स्थिरावलेले कॅल्शियम तेथून निघून फळाकडे फारसे येत नाही. पानांवर कॅल्शियमचे द्रावण फवारून डाग थांबत नाहीत ते यामुळेच, आणि मातीत घातलेली अंड्याची टरफले तर इतकी हळू विरघळतात की त्या हंगामातल्या फळांना त्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही. बहुतेक वेळा मिश्रणात कॅल्शियम असते. ते फळापर्यंत नेणारा पाण्याचा अखंड प्रवाह तेवढा नसतो.

तळटाकीची कुंडी नेमका हाच प्रवाह अखंड ठेवते. फळ डाळीच्या दाण्याएवढे असल्यापासून पुढचे काही आठवडे त्याच्या दृष्टीने निर्णायक असतात, आणि या काळात मुळांभोवती कायम वाफसा, म्हणजे ओलावा आणि हवा यांचा समतोल, राहिला तर काळे डाग स्पष्टपणे कमी होतात. माझ्याकडे साध्या कुंडीतल्या झाडांच्या पहिल्या घोसांत हे डाग नेहमी आढळत. या कुंडीत ते क्वचित दिसले. अर्थात पाणी नियमित असले म्हणजे डागांचा धोका पूर्णपणे संपतो असे नाही. अमोनियाच्या रूपातले नत्र भरमसाट दिले किंवा पोटॅशचा अतिरेक केला तर कॅल्शियमचे शोषण मागे पडते आणि टाकी भरलेली असतानाही डाग उमटतात. डागाळलेली फळे दिसताच तोडून टाकावीत म्हणजे झाडाची शक्ती पुढच्या फळांकडे वळते.

फळे तडकण्याबाबतही कुंडीची कामगिरी चांगली आहे. कोरड्या काळात फळाची साल निबर होते आणि मग एकदम भरपूर पाणी मिळाले की आतला गर सालीपेक्षा वेगाने फुगतो. देठाभोवती गोलाकार किंवा देठापासून खाली जाणाऱ्या उभ्या भेगा पडतात. येथे असा एकदम पुरवठा होतच नाही, मात्र त्यासाठी वरचे आच्छादन जागेवर असले पाहिजे. आच्छादन काढून ठेवले आणि मोठा पाऊस थेट मिश्रणात मुरला तर कुंडी कितीही चांगली असली तरी फळे तडकतात. आच्छादनाचा दुसरा फायदा पानांना होतो. करप्याचे आणि पानांवरच्या ठिपक्यांचे बीजाणू मातीतून उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर खालच्या पानांवर पोहोचतात. पाणी खालून दिल्यामुळे आणि माती झाकलेली असल्यामुळे हा मार्ग बराचसा बंद होतो. वाऱ्याबरोबर दुरून येणाऱ्या ‘उशिरा करपा’ या वेगळ्या रोगावर मात्र याचा काही परिणाम होत नाही. या कुंडीतली झाडे रोगमुक्त राहतात अशी जाहिरात कुणी केली तर ती जशीच्या तशी स्वीकारू नये.

आता मिश्रणाविषयी. माहितीपत्रकात ‘चांगल्या प्रतीचे कुंडीचे मिश्रण भरावे’ एवढेच म्हटले आहे, आणि ही कुंडी घेऊन निराश झालेल्यांच्या निराशेचे मूळ मला या एका वाक्यात दिसते. पाणी वर चढते ते कणांमधल्या बारीक पोकळ्यांतून. पोकळ्या जितक्या बारीक तितके पाणी उंच चढते, पण हवा तितकी कमी राहते. पोकळ्या मोठ्या असतील तर हवा खेळती राहते, पण पाणी अर्ध्यावरच थांबते. बागेतली नुसती माती भरली तर ती काही आठवड्यांत दबून बसते, तिच्यातली हवा निघून जाते आणि खालच्या थरातली मुळे कुजतात. उलट जाड वाळू, विटांचे तुकडे किंवा भरड साल यांचे प्रमाण जास्त ठेवले, म्हणजे निचऱ्याच्या साध्या कुंडीत उत्तम ठरणारे मिश्रण येथे वापरले, तर टाकी भरलेली असताना झाड सुकते, आणि असे का होते हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. मला सर्वांत समाधानकारक वाटलेले मिश्रण म्हणजे ढोबळमानाने तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पर्लाइट (उष्णतेने फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे कण) आणि एक भाग चांगले कुजलेले, चाळलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत. कंपोस्टचे प्रमाण याहून फार वाढवू नये; सतत ओल्या राहणाऱ्या मिश्रणात ते लवकर कुजून बारीक होते आणि हंगामाच्या मध्यावर मिश्रण खचते.

कोकोपीटसंबंधी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. नारळाच्या भुशात निसर्गतःच सोडियम आणि पोटॅशियम यांचे क्षार असतात आणि न प्रक्रिया केलेले कोकोपीट हे क्षार सोडून त्यांच्या जागी कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवते. साध्या कुंडीत वरून पाणी घालताना हे क्षार हळूहळू धुऊन जातात. तळटाकीच्या कुंडीत पाण्याची वाट उलटी असल्यामुळे ते तसे जात नाहीत. त्यामुळे कोकोपीट आधी वेगळ्या घमेल्यात दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यात भिजवून पिळून घ्यावे किंवा प्रक्रिया केलेलेच घ्यावे. मिश्रण आम्लधर्मी असेल तर थोडा डोलोमाइटचा चुना मिसळावा, कारण त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळतात. परंतु टोमॅटोला ६.० ते ६.८ सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) मानवतो, तेव्हा घरचे पाणी जड असेल आणि मिश्रण आधीच अल्कधर्मी झुकावाचे असेल तर चुना टाळावा. माहितीपत्रकात मात्र सरसकट वाटीभर चुना घालण्याची सूचना आहे, आणि ती सर्वांसाठी योग्य नाही.

कोपऱ्यांतल्या कप्प्यांत मिश्रण भरताना ते ओले करून हाताने घट्ट दाबावे. मध्ये पोकळी राहिली तर पाण्याची साखळी तेथेच तुटते. संपूर्ण कुंडी भरून झाल्यावर टाकीत पाणी ओतण्याआधी वरून पाणी देऊन सगळे मिश्रण एकसारखे भिजवणे आवश्यक आहे, कारण कोरड्या मिश्रणात पाणी आपोआप वर चढेल हा समज चुकीचा आहे. रोप लावल्यावर सुरुवातीचे दीड-दोन आठवडे वरूनच पाणी द्यावे लागते. रोपाची मुळे तोवर खालच्या ओलाव्यापर्यंत पोहोचलेली नसतात. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलेल्या भागावर नवी मुळे फुटतात, म्हणून रोप खालची पाने काढून नेहमीपेक्षा खोल लावावे. या कुंडीत मिश्रणाची खोली बेताची आहे, तेव्हा लांबट रोप असेल तर ते थोडे आडवे लावणे सोयीचे ठरते. पुढेही कधी टाकी बरेच दिवस रिकामी राहून मिश्रण पूर्ण वाळले तर नुसती टाकी भरून भागत नाही, पुन्हा वरून भिजवावेच लागते.

खतांची पद्धत येथे वेगळी आहे. पाणी खालून वर जात असल्याने विरघळलेले क्षारही वर सरकतात आणि वरच्या दोन-तीन बोटांच्या थरात साचतात. माहितीपत्रकात दाणेदार खताचा एक पट्टा रोपापासून दूर, आच्छादनाखाली घालण्यास सांगितले आहे आणि ही सूचना विचारपूर्वक दिलेली आहे : खत मिश्रणात कालवले तर त्याचा मारा एकदम होतो, पट्ट्यात ठेवले तर मुळे आपल्या गरजेप्रमाणे त्याच्याकडे जातात. फुले येण्यापूर्वी नत्र बेताने द्यावे आणि फळे धरू लागली की पोटॅशकडे थोडा कल ठेवावा. जीवामृतासारखी किंवा शेणखताच्या पाण्यासारखी सेंद्रिय द्रावणे टाकीत कधीही ओतू नयेत. बंद जागेत हवेशिवाय ती आंबतात, दुर्गंधी सुटते आणि टाकी धुण्यासाठी उभे झाड उपटावे लागण्याची वेळ येते. द्यायचीच असतील तर ती वरून, पातळ करून आणि थोडी थोडी द्यावीत. पानांच्या कडा करपू लागल्या किंवा मिश्रणावर पांढरी पापुद्र्यासारखी पूड दिसू लागली तर आच्छादन काढून, वरून भरपूर साधे पाणी ओतून ते बाजूच्या छिद्रातून वाहू द्यावे. ही धुलाई हंगामात एकदा तरी करावी असे माझे मत आहे, माहितीपत्रकात मात्र तिचा उल्लेखही नाही.

निर्मात्याचा ‘एकदा भरा, दोन आठवडे निश्चिंत राहा’ हा दावा मला मान्य नाही. रोप लहान असताना तो खरा ठरतो. मात्र फळांनी लगडलेले मोठे झाड कडक उन्हात दिवसाला दोन ते चार लिटर पाणी ओढून घेते, म्हणजे १० लिटरची टाकी साधारण तीन ते पाच दिवसांत रिकामी होते, आणि कोरडा वारा असेल तर त्याहूनही लवकर. तीन-चार दिवस घराबाहेर जाण्याची सोय हा मोठाच लाभ आहे, तो कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दोन आठवड्यांच्या भरवशावर कुणी भरल्या झाडाला सोडून गेला तर परतल्यावर त्याला वाळलेले झाड पाहावे लागेल. ‘दोन झाडे आरामात मावतात’ हा दावाही असाच अर्धा खरा आहे. आटोपशीर वाढून थांबणारी झुडपी जातीची दोन झाडे मावतात. सतत वाढत राहणाऱ्या वेलजातीचे मात्र एकच झाड लावावे, कारण त्याला किमान २० लिटर मिश्रण लागते आणि दोन लावली तर मिश्रणाबरोबरच टाकीही निम्म्या काळात संपते.

सोबत येणारा तारेचा पिंजरा ही या वस्तूची सर्वांत कमकुवत बाजू आहे. वेलजातीचे टोमॅटो सहज दोन मीटरपर्यंत किंवा त्याहून वर जातात, आणि पिंजरा जेमतेम कमरेएवढा. तो कुंडीच्या काठावरच्या खाचांत अडकवायचा असतो. झाड जड झाल्यावर वाऱ्याचा सगळा ताण त्या खाचांवर येतो आणि माझ्या कुंडीची एक खाच त्यामुळे तडकली. पिंजरा बाजूला ठेवून कुंडीबाहेर स्वतंत्रपणे रोवलेला किंवा भिंतीला बांधलेला आधार वापरावा, खोडाला मऊ सुतळीचे सैल फास द्यावेत आणि वेलजातीच्या झाडाच्या पानांच्या बगलेतून येणारे फुटवे लहान असतानाच खुडावेत. झुडपी जातीचे फुटवे खुडू नयेत, कारण त्यांवरच फळे लागायची असतात.

फ्लोट पहिल्या काही आठवड्यांत अचूक चालतो. पुढे पांढरी मुळे पडदीतून टाकीत उतरतात आणि फ्लोट अडकून ‘भरलेली’ ही खूण तशीच दाखवत राहतो. त्यामुळे मोठ्या झाडाच्या बाबतीत फ्लोटवर न विसंबता नळीत एक काठी घालून पाणी पाहणे जास्त खात्रीचे आहे. मुळे बाजूच्या छिद्रापर्यंतही येतात. ते अधूनमधून काडीने मोकळे करावे, नाहीतर पावसात पाणी बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि हवेची पोकळी बुडते. कुंडी सपाट जागीच ठेवावी, कारण टाकी उथळ असल्याने थोडासा उतारही तिची क्षमता बरीच कमी करतो. नळीला घट्ट झाकण हवे आणि बाजूच्या छिद्राला बारीक जाळी हवी. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि साचलेले पाणी घरात बाळगणाऱ्याने याची काळजी घेतलीच पाहिजे. झाकण कुंडीबरोबर मिळते, जाळी मिळत नाही. इतक्या क्षुल्लक खर्चाची वस्तू निर्मात्याने वगळावी याचे मला वाईट वाटते.

चवीबद्दल प्रामाणिकपणे लिहायला हवे. पाणी कधीच कमी न पडणाऱ्या झाडाची फळे मोठी आणि संख्येने जास्त असतात, पण त्यांच्यातला गोडवा आणि आंबटपणा थोडा पातळ होतो. फळे रंग धरू लागली की टाकी प्रत्येक वेळी काठोकाठ न भरता ती जवळजवळ संपू द्यावी आणि मग अर्धीच भरावी. पाने मलूल होऊ न देता एवढा ताण दिला तर चव सुधारते. डागांचा धोका नव्याने धरणाऱ्या लहान फळांना असतो, म्हणून एकाच वेळी सगळी फळे पिकवणाऱ्या झुडपी जातींत हा उपाय अधिक सुरक्षित आहे.

इतर पर्यायांशी तुलना केली तर कापडी पिशवीत मुळांना हवा सर्वांत चांगली मिळते, पण ती चारही बाजूंनी वाळते आणि कडक उन्हात दिवसातून दोनदा पाणी मागते. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडत असल्याने मुळे थंड राहतात, परंतु टोमॅटोला पुरेल एवढी मोठी मातीची कुंडी हलवणे अवघड असते. ठिबक नळ्या आणि वेळ लावता येणारा नळ ही जोडी बऱ्याच झाडांसाठी तळटाकीपेक्षा सरस आहे. तिला मात्र जवळ नळ हवा आणि नळ्यांची तोंडे क्षारांनी चोंदतात. ज्यांना चार-पाचच झाडे लावायची आहेत आणि जेथे नळ जवळ नाही, त्यांच्यासाठी मी तळटाकीची कुंडीच सुचवेन. रंग निवडताना फिकट पण पूर्ण अपारदर्शक घ्यावा : गडद प्लास्टिक तापून मुळे होरपळतात आणि प्रकाश आत जाणाऱ्या प्लास्टिकमध्ये टाकीत शेवाळ धरते. भरलेल्या कुंडीचे वजन ३० ते ४० किलोंच्या घरात जाते, म्हणून जागा आधी ठरवून तेथेच ती भरावी.

सहा ते आठ तास थेट ऊन नसेल तर कुंडी कितीही उत्तम असली तरी फळे मोजकीच लागतील. दिवसाचे तापमान ३५ अंशांपर्यंत आणि रात्रीचे २४ अंशांच्या वर जाऊ लागले की परागकण निकामी होऊन फुले गळतात, आणि ३० अंशांपलीकडे फळांतले लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही. यावर पाण्याचा साठा हा उपाय नाही. वारा न लागणाऱ्या आडोशाच्या जागी फुलांचे घोस दुपारपूर्वी हलकेच टिचकी मारून हलवावेत म्हणजे परागकण सुटतात.

हंगाम संपल्यावर कुंडी पूर्ण रिकामी करावी, पडदीत गुंतलेली मुळे काढावीत आणि टाकी ब्रशने घासून उन्हात वाळवावी. झाडाला मर (उभे झाड सुकवणारा रोग) किंवा विषाणूजन्य रोग झालेला असेल तर ते मिश्रण पुन्हा टोमॅटो, वांगी किंवा मिरचीसाठी वापरू नये. निरोगी झाडाचे मिश्रण वरचा क्षारांचा थर काढून, धुऊन आणि नवे कंपोस्ट मिसळून पालेभाज्यांसाठी चालते. उन्हात राहिलेले प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होते आणि मिश्रणाचे सगळे ओझे पडदीवर असल्याने तिची झीज लवकर होण्याची शक्यता असते. पडदी, नळी आणि फ्लोट सुटे मिळतात की नाही याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी, कारण पडदी तुटल्यावर ही वस्तू साधी कुंडी म्हणूनही वापरता येत नाही. पाणी बाहेर जाण्याचे छिद्र तळापासून वर असल्यामुळे तळाला नवी छिद्रे पाडेपर्यंत मिश्रणाचा खालचा भाग पाण्यातच बुडून राहतो.